रोमचें कोठार

भूमध्य समुद्राच्या मध्यावर, इटलीच्या पायाच्या टोकाशीं, त्रिकोणाकृति असें एक मोठें बेट आहे. इटलीपासून त्यास वेगळें करणारी सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागीं तीन किलोमीटरांच्याच आसपास भरते. दुसऱ्या अंगास आफ्रिकेचा किनारा सुमारें दीडशें किलोमीटरांवर आहे. हें बेट म्हणजे सिसिली. क्षेत्रफळ सुमारें २५,७०० चौरस किलोमीटर, पूर्वेस एट्ना हा जागृत ज्वालामुखी, आणि त्याच्या दक्षिणेस व पश्चिमेस पसरलेली गव्हाची भूमि. गव्हाचें दाणें मनुष्यास प्रथम लाभलें तें येथेंच, अशी प्राचीन सिसिलीकरांची श्रद्धा होती. बेटाच्या नाभिस्थानीं एन्ना नांवाचें डोंगरी गांव आहे. त्याच्या जवळच्या सरोवराकांठीं फुलें वेंचीत असलेल्या कन्येस पाताळाच्या राजानें पळवून नेलें, आणि तिची माता, धान्यदेवता डिमिटर, तिचा शोध करीत जगभर हिंडली, ही कथाही तेथलीच. धान्य आणि अपहार यांची अशी सांगड ज्या भूमीच्या पुराणांतच पडली, तिचा इतिहासही त्याच वळणानें गेला.

अथेन्सचा इतिहासकार थ्युसिडिडीज यानें आपल्या ग्रंथाच्या सहाव्या भागाच्या आरंभीं या बेटावरील जुन्या लोकांची मोजदाद केली आहे. पश्चिमेस सिकन, वायव्येच्या कोपऱ्यांत एलिमियन, आणि मध्यापासून पूर्वेकडे सिकेल. सिकन लोक स्वतःस भूमिपुत्र म्हणवीत. थ्युसिडिडीजला तें मान्य नव्हतें, त्याच्या मतें ते स्पेनकडून आलेले. एलिमियन हे ट्रॉय नगरीच्या पाडावानंतर पळून आलेल्यांचे वंशज, अशी समजूत होती. सिकेल लोक इटलींतून तराफ्यांवर बसून, अनुकूल वारा साधून पलीकडे आले, आणि सिसिली हें नांव बेटास मिळालें तें त्यांच्यावरूनच. या सिकेलांनीं ग्रंथ मागें ठेवले नाहींत. मडक्यांवर व दगडांवर ग्रीक अक्षरांत कोरलेले त्यांच्या भाषेंतील थोडेसे लेख काय ते उपलब्ध आहेत. त्यांवरून ती भाषा लॅटिनच्या गोत्रांतली असावी असें दिसतें. जुन्या वस्तीची खरी खूण पहावयाची ती पँटालिका येथें. सिराक्यूजच्या पश्चिमेस, नद्यांनीं वेढलेल्या तेथील कड्यांत सुमारें ५,००० थडगीं खडकांत खोदलेलीं आहेत. इ. स. पू. तेराव्या शतकाच्या सुमारास सुरू झालेला हा क्रम सातव्या शतकांत थांबतो. कारण तोंपर्यंत किनाऱ्यावर ग्रीक येऊन स्थिरावले होते.

ग्रीकांच्या आधीं फिनीशियन व्यापारी आले होते. पण त्यांना जमीन नको होती, बंदरें हवीं होतीं. भूशिरें आणि किनाऱ्याजवळचीं लहान लहान बेटें गांठून ते सिकेलांशीं देवघेव करीत; ग्रीकांची गर्दी वाढूं लागतांच ते पश्चिमेस मोट्या, सोलस आणि पॅनॉर्मस, म्हणजे आजचें पालेर्मो, या तीन ठाण्यांवर सरकून राहिले. ग्रीकांची गोष्ट निराळी. त्यांच्या मायदेशीं शेतीची भूमि तोकडी, माणसें वाढती. इ. स. पू. ७३४ मध्यें त्यांची पहिली वसाहत नॅक्सॉस येथें झाली, आणि पुढच्याच वर्षीं कॉरिंथच्या आर्कियसनें सिराक्यूज वसविलें. त्यानें प्रथम तेथील लहान बेटावरून सिकेलांना हुसकावून लावलें, असें थ्युसिडिडीज सहज सांगून जातो. जगप्रसिद्ध झालेल्या त्या शहराच्या जन्मकथेंत मूळ मालकांच्या वाट्यास एवढाच उल्लेख आला आहे. सर्वत्र तलवारच चालली असें मात्र नाहीं. हिब्लन नांवाच्या एका सिकेल राजानें मेगाराहून आलेल्या भटक्या ग्रीकांना आपण होऊन जागा दिली. दात्याचें नांव त्या मेगारा हिब्लिया गांवाच्या नांवांत तेवढें उरलें. इकडे सिराक्यूजच्या जमीनदार घराण्यांचीं शेतें किलिरियन म्हणून ओळखले जाणारे भूदास कसूं लागले. ते बहुधा सिकेलच होते. म्हणजे जमीन तीच, नांगरही तोच, फक्त खळ्यावरचा धनी बदलला.

या नव्या शेजाऱ्यांशीं कसें वागावें याचा निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळा निर्णय केला. एलिमियनांच्या सेजेस्टा नगरानें ग्रीकांची लिपि घेतली, नाणीं घेतलीं, देवळें बांधण्याची विद्याही घेतली. तेथें टेकडीवर इ. स. पू. पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील ३६ खांबांचें भव्य मंदिर आजही उभें आहे. त्यावर छप्पर कधीं चढलें नाहीं आणि खांबांवर पन्हळी पाडण्याचें कामही राहून गेलें. पण राजकारणांत हे लोक ग्रीकांचे शिष्य नव्हते. शेजारच्या सेलिनस या ग्रीक शहराशीं वैर पडतां त्यांनीं थेट अथेन्सला साकडें घातलें. आलेल्या वकिलांना घरोघर मेजवान्या देऊन प्रत्येक पंक्तींत सोन्यारुप्याचीं तींच उसनीं भांडीं फिरविलीं, आणि आपण अपार श्रीमंत आहों असा त्यांचा ग्रह करून दिला. अथेन्सची ती स्वारी इ. स. पू. ४१५ मध्यें निघाली आणि ४१३ मध्यें सिराक्यूजपुढें धुळीस मिळाली. निदान ७,००० कैदी तेथील दगडांच्या खाणींत कोंडले गेले. एका लहान नगराच्या उसन्या भांड्यांनीं एवढें कार्य केलें, हें इतिहासांतील विरळ उदाहरणांपैकीं होय.

सिकेलांना मात्र एकदांच असा पुरुष लाभला कीं ज्यानें त्यांच्या विखुरलेल्या गांवांना एक राष्ट्र बनविण्याचें मनांत आणलें. त्याचें नांव ड्युसेटियस. इ. स. पू. ४६० च्या सुमारास त्याचा उदय झाला, आणि हिब्ला वगळतां बहुतेक सर्व सिकेल गांवें त्याच्या झेंड्याखालीं आलीं. त्यानें राजधानी स्थापिली ती जागाही अर्थपूर्ण होती. पॅलिकी या जुळ्या देवांचें तें ठिकाण. तेथील तळ्यांतून उकळ्या फुटून दुर्गंधियुक्त वायु बाहेर पडत असे, आणि तेथें घेतलेली खोटी शपथ भोंवल्यावांचून राहत नाहीं अशी ख्याति होती. क्रूर धन्याच्या हातून सुटून आलेल्या गुलामास त्या आवारांत आश्रय मिळे, आणि त्यास सौम्यपणें वागविण्याची शपथ धन्यानें घेतल्याविना त्यास परत नेतां येत नसे. इ. स. पू. ४५१ मध्यें ड्युसेटियसनें अग्रिजेंटम व सिराक्यूज या दोन्ही बलाढ्य शहरांच्या फौजांचा पराभव केला. पुढच्या वर्षीं पारडें फिरलें. सैन्य उधळलें, सोबती पळाले, उरलेले त्यासच धरून देण्याच्या बेतांत आले. तेव्हां तो एकटा घोड्यावर बसून रातोरात शत्रूच्या शहरांत शिरला, आणि सिराक्यूजच्या बाजारचौकांतील वेदीपाशीं शरणागत म्हणून बसून राहिला.

सकाळीं सारें शहर लोटलें. सभा भरली. कित्येकांनीं देहान्ताची मागणी केली. परंतु वयोवृद्ध मंडळी म्हणाली कीं, शरण आलेल्यास मारणें हा देवांचा अपराध होईल. लोकांनीं एकमुखानें त्यास जीवदान दिलें आणि योग्य तें वेतन बांधून कॉरिंथला पाठविलें. तो कांहीं वर्षांनीं परतला, उत्तर किनाऱ्यावर त्यानें एक नगर वसविलें, आणि इ. स. पू. ४४० मध्यें आजारानें वारला. त्यानंतर सिराक्यूजनें राहिलेलीं सिकेल गांवें एकेक करून जिंकलीं. शरणागतास जीवदान देणाऱ्या त्याच सभेनें त्याच्या लोकांचें स्वातंत्र्य मात्र ठेविलें नाहीं. ही सर्व हकीकत ज्याच्यामुळें आज कळते तो डायोडोरस हा इतिहासकार अगिरियम या जुन्या सिकेल गांवचाच रहिवासी होता. त्याच्याकडे पुढें पुन्हां वळावें लागेल.

पुढचीं दोन शतकें ग्रीक आणि कार्थेज यांच्या झुंजींत गेलीं. हिमेरा, सेलिनस, अग्रिजेंटम, मोट्या अशीं शहरें कधीं या हातांनीं तर कधीं त्या हातांनीं उध्वस्त झालीं. रोम या रणांत उतरलें तें इ. स. पू. २६४ मध्यें, मेसाना शहर बळकावून बसलेल्या इटालियन भाडोत्री शिपायांच्या हांकेवरून. सिराक्यूजचा राजा दुसरा हायरो हा धोरणी मनुष्य. त्यानें वर्षभरांतच वाऱ्याची दिशा ओळखून रोमशीं तह केला आणि मरेपर्यंत पाळला. इ. स. पू. २४१ मध्यें कार्थेजनें हार खाऊन बेट सोडलें. पश्चिम सिसिली रोमची झाली, आणि २२७ पासून तेथें दरसाल एक प्रीटर कारभारास जाऊं लागला. इटलीबाहेर रोमचा हा पहिलाच सुभा. हायरो वारल्यावर त्याच्या वारसांनीं कार्थेजचा पक्ष धरला. मार्सेलसनें वेढा घालून इ. स. पू. २१२ मध्यें सिराक्यूज घेतलें, त्या लुटींत आर्किमिडीज मारला गेला, आणि सबंध बेट रोमच्या हातीं आलें.

दुसऱ्यावर राज्य करावयाचें कसें, हें रोम येथें शिकलें. आणि शिकवणारा होता तो मृत हायरो. त्याच्या राज्यांत उत्पन्नाचा दशमांश घेण्याचा जो कायदा होता तो रोमनांनीं जसाच्या तसा उचलला, नांवही त्याचेंच राहूं दिलें. प्रत्येक गांवीं दरसाल कसणारांचीं नांवें, जमिनीचें क्षेत्र आणि पेरलेलें बीं यांची नोंद होई. त्या त्या गांवच्या दशमांशाचा मक्ता सिसिलींतच लिलावानें दिला जाई, आणि गांवकऱ्यांनाही तो घेण्याची मुभा असे. शेतकऱ्यानें दाणा चोरूं नये आणि मक्तेदारानें दहाव्या हिश्शाहून एक दाणा अधिक उचलूं नये, असा दुहेरी बंदोबस्त त्या कायद्यांत होता. चौथाई आणि सरदेशमुखी या शब्दांची ओळख असलेल्या मराठी वाचकास नुसता दशमांश ऐकून मोठेंसें भय वाटणार नाहीं. आणि खरेंच, कायदा पाळला गेला तोंवर शेतकरी जगला. सिसरोनें दिलेल्या आंकड्यांवरून पाहतां हा दशमांश सालीना सुमारें ३० लक्ष मोडियस, म्हणजे आजच्या मापानें सुमारें २०,००० टन गहूं इतका होता. शिवाय दुसरा दशमांश रोमचें सरकार ठराविक भावानें विकत घेई. सिसिली म्हणजे रोमचें कोठार, रोमच्या प्रजेची दाई, असें जुना केटो म्हणत असे तें याच अर्थानें. कोठाराची प्रशंसा करणारा बहुधा कोठारांतून खाणारा असतो, हें मात्र ध्यानांत ठेवावें.

या समृद्धीची दुसरी बाजू गुलामांच्या पाठीवर उमटली होती. युद्धांत पकडलेले, चांच्यांनीं पळविलेले हजारों लोक पूर्वेकडून आणून सिसिलींतील शेतांवर व कुरणांवर जुंपले जात. गुराखी गुलामांना धनी अन्नवस्त्रही देत नसत. वाटसरूंना लुटून पोट भरा, असा सरळ सल्ला देत. इ. स. पू. १३५ च्या सुमारास डॅमोफिलस नांवाच्या एन्नाच्या जमीनदाराच्या छळास विटून ४०० गुलामांनीं रात्रीं तें गांव घेतलें. त्यांचा पुढारी युनस हा सीरियाचा. तोंडांतून ज्वाळा काढून दाखविणारा, भविष्य सांगणारा. त्यानें अँटायोकस हें राजनाम धारण करून नाणींही पाडलीं. डॅमोफिलस व त्याची स्त्री मारलीं गेलीं. पण त्यांच्या मुलीनें गुलामांना नेहमीं दयेनें वागविलें होतें, म्हणून बंडवाल्यांनीं तिच्या केसासही धक्का न लावतां तिला तिच्या आप्तांकडे पोंचविलें. आणखी एक गोष्ट डायोडोरस नमूद करतो. गुलामांनीं शेतघरें जाळलीं नाहींत, सांठविलेलें धान्य नासलें नाहीं, कसणारांना त्रास दिला नाहीं. बंडाच्या निमित्तानें गांवें लुटलीं व जाळलीं तीं स्वतंत्र म्हणविणाऱ्या दरिद्री लोकांनीं. इ. स. पू. १३२ मध्यें रोमन सैन्यानें हें राज्य मोडलें. दुसरा उठाव १०४ मध्यें झाला. अन्यायानें गुलाम केलेल्या मित्रराष्ट्रांच्या प्रजाजनांस मुक्त करावें असा सीनेटचा हुकूम आला होता. सुभेदारानें थोड्याच दिवसांत आठशेंहून अधिक माणसें सोडलीं, आणि श्रीमंतांनीं डोळे वटारतांच बाकीच्यांना धन्याकडे परत जाण्यास फर्माविलें. ते धन्याकडे गेले नाहींत. ते गेले पॅलिकींच्या देवस्थानीं, जेथें तीनशें पन्नास वर्षांपूर्वीं ड्युसेटियसनें आपली राजधानी मांडली होती. हा उठाव शमण्यास चार वर्षें लागलीं.

इ. स. पू. ७३ मध्यें गायस व्हेरीज सुभेदार होऊन आला. एक वर्षाची नेमणूक लांबून तीन वर्षांची झाली. त्यानें हायरोचा कायदा रद्द केला नाहीं; त्याची त्यास गरजच नव्हती. त्यानें एक हुकूम काढला: मक्तेदार मागेल तेवढें धान्य शेतकऱ्यानें आधीं द्यावें, आणि अधिक घेतल्याची तक्रार असल्यास मागाहून दावा लावून आठपट भरपाई मिळवावी. हुकूम कागदावर शेतकऱ्याच्या बाजूचा दिसे. पण दावा चालावयाचा तो व्हेरीजच्याच मंडळींपुढें, आणि मुख्य मक्तेदार अप्रोनियस हा व्हेरीजचाच हस्तक. मापाचा अधिकार मापाऱ्याकडेच गेल्यावर दशमांश या शब्दास अर्थ उरला नाहीं. लोक शेतें टाकून परागंदा झाले. या जुलुमाचा पुरावा सिसरोनें गांवोगांवच्या नोंदवह्यांतून काढला, आणि तो त्याच्या अलंकारिक वक्तृत्वाहून अधिक बोलका आहे. लिओंटिनीच्या सुपीक शिवारांत पहिल्या वर्षीं ८४ कसणारे होते, तिसऱ्या वर्षीं ३२ राहिले. हर्बिटा येथें २५२ चे १२० झाले. आणि अगिरियम येथें २५० चे ८०. अगिरियम म्हणजे डायोडोरसचें गांव. हें सर्व घडलें तेव्हां तो लहान वा तरुण असावा.

व्हेरीजला धान्याइतकाच मूर्तींचा सोस होता. सेजेस्टामध्यें डायाना देवीची एक सुंदर ब्राँझची मूर्ति होती. ती पूर्वीं कार्थेजनें लुटून नेली होती, इ. स. पू. १४६ मध्यें कार्थेज पडल्यावर सिपिओनें ती शोधून गांवास परत केली, आणि गांवानें त्याचें नांव चौथऱ्यावर कोरलें. व्हेरीजनें ती मागितली. गांवकऱ्यांनीं नकार दिला; तेव्हां खलाशी, वल्हेकरी आणि धान्य यांच्या वाढत्या मागण्यांनीं त्यांना इतकें पिळलें कीं शेवटीं त्यांनीं होकार दिला. पण मूर्तीस हात लावण्यास गांवांत कोणी मिळेना. नागरिक नाहीं, उपरा नाहीं, गुलामही नाहीं. अखेर लिलिबियमहून परके मजूर आणावे लागले. देवी गांवाबाहेर निघाली तेव्हां सेजेस्टाच्या बायकामुली तिला अत्तर लावून, फुलें वाहून, धूप जाळीत शिवेपर्यंत पोंचवावयास गेल्या.

सिसिलीकरांनीं वकीलपत्र सिसरोस दिलें, कारण तो इ. स. पू. ७५ मध्यें तेथें खजिन्याचा अधिकारी असतां सचोटीनें वागला होता. पुराव्यासाठीं पन्नास दिवसांत त्यानें बेट पालथें घातलें. चार कोटी सेस्टर्स लुटल्याचा आरोप होता. इ. स. पू. ७० मधील खटल्यांत त्यानें लांबलचक भाषण टाळून साक्षीदारच उभे केले, आणि थोड्याच दिवसांत व्हेरीज मासिलियास, म्हणजे आजच्या मार्सेयला, पळाला. सिसरोचीं जीं पांच विस्तृत भाषणें आज वाचावयास मिळतात तीं न्यायालयांत झालींच नाहींत. तीं मागाहून लिहून प्रसिद्ध केलेलीं आहेत. सालबाईच्या तहामुळें मराठ्यांच्या इतिहासांत ओळखीचा असलेला वॉरन हेस्टिंग्ज, याच्यावर १७८८ मध्यें वेस्टमिन्स्टर येथें महाभियोग सुरू झाला तेव्हां एडमंड बर्कच्या डोळ्यांपुढें याच भाषणांचा नमुना होता. फरक इतकाच कीं, हेस्टिंग्ज १७९५ मध्यें निर्दोष सुटला. पण व्हेरीज पळाला म्हणून लिओंटिनीचे परागंदा शेतकरी परतले, असें समजूं नये. व्हेरीज परदेशीं सुखानें जगला. पुढें इ. स. पू. ४३ मध्यें अँटनीनें वध्य ठरविलेल्यांच्या याद्या काढल्या, त्यांत सिसरो व व्हेरीज हे दोघेही एकाच वर्षीं मारले गेले, हा काळाचा विनोद म्हणावा लागेल.

त्यानंतरचीं वर्षें आणखी कठीण गेलीं. सेक्स्टस पॉम्पी यानें बेट बळकावून रोमचें धान्य अडविलें, इ. स. पू. ३६ मध्यें त्याचा मोड झाल्यावर ऑक्टेव्हियननें त्याची शिक्षा सिसिलीलाच केली आणि १,६०० टॅलेंटचा दंड बसविला. टॉरोमेनियमचे सर्व रहिवासी हलवून तेथें रोमन वसाहतवाले आणले. इ. स. पू. २१ मध्यें सिराक्यूजसही वसाहत आली. आतां इजिप्तचा गहूं रोमकडे वाहूं लागला होता, त्यामुळें कोठाराचें महत्त्व उतरलें. बेटावर बड्या जमीनदारांच्या वाड्यांचें युग आलें. पियाझ्झा आर्मेरिनाजवळ चौथ्या शतकांतील अशा एका वाड्याची रंगीत खड्यांची जमीन उकरून काढलेली आहे. सुमारें ३,५०० चौरस मीटर पसरलेल्या त्या चित्रांत आफ्रिकेंतील शिकारी आहेत, जहाजांत चढविले जाणारे वाघ व हत्ती आहेत, खेळणाऱ्या तरुणी आहेत.

आणि सिकेल? डायोडोरसनें चाळीस भागांचा जागतिक इतिहास लिहिला, तो ग्रीक भाषेंत. लॅटिन आपण बेटावरील रोमनांच्या सहवासानें शिकलों, असें तो सांगतो. सिकेल भाषेचें नांव घेत नाहीं. आपल्या लोकांविषयीं त्यानें पांचव्या भागांत थोडक्यांत लिहून ठेविलें आहे. ग्रीक मोठ्या संख्येनें येऊं लागले, त्यांच्या संगतीनें येथील लोक त्यांची भाषा शिकले, त्यांच्या रीतींत वाढले, आणि अखेरीस आपली बोली व आपलें नांव दोन्ही सोडून सर्वजण सिसिलियट म्हणवूं लागले. हें लिहितांना त्याच्या लेखणीस दुःख झाल्याचें दिसत नाहीं. अगिरियम आज अगिरा या नांवानें नांदतें. तेथें एक थडग्याचा दगड सांपडला आहे. त्यावर ‘अपोलोनियसचा पुत्र डायोडोरस’ अशीं अक्षरें आहेत, ग्रीकांत.